पाच हजार, पंचवीस हजार की पंचेचाळीस? चित्रं काढायला टॅबलेट घेण्याआधी

या आठवड्याच्या भागाचं हे लेखी रूप. लोकलमध्ये रेंज गेली म्हणून अर्धा भाग राहिला असेल, किंवा आकडे पुन्हा बघायचे असतील, तर इथे सगळं सावकाश वाचता येईल. ऐकताना जिथे मी "थांबा, हे लिहून घ्या" म्हणाले होते, ते सगळं इथे आहे.

विषय तुम्हीच सुचवलेला. मेसेजमध्ये शब्द थोडेफार वेगळे, पण प्रश्न एकच : "मला डिजिटल चित्रं काढायची आहेत, पैसे कमी आहेत, कुठला टॅबलेट घेऊ?" आणि बहुतेकांच्या मेसेजमध्ये दुसरं वाक्य असतं, ते जास्त महत्त्वाचं : "घरी एकदाच मागू शकतो."

ते दुसरं वाक्य धरूनच आज बोलूया. कारण चुकीचा ब्रश आणला तर पन्नास रुपये जातात. चुकीचा टॅबलेट आणला तर घरातल्या कुणाच्या तरी महिनाभराच्या कमाईतला मोठा तुकडा जातो. वर "बघ, घेऊन दिलं तरी काढत नाही" हे वर्षभर ऐकावं लागतं, ते वेगळंच.

"टॅबलेट" म्हणजे नक्की काय?

पहिला घोळ इथेच होतो. दुकानात "ड्रॉइंगचा टॅबलेट दाखवा" म्हटलं की तीन अगदी वेगळ्या वस्तू समोर येऊ शकतात.

एक, पेन टॅबलेट. ही काळी पाटी असते, तिला स्क्रीन नसते. कॉम्प्युटरला किंवा काही वेळा फोनला केबलने जोडायची, पाटीवर पेन फिरवायचं आणि चित्र समोरच्या स्क्रीनवर उमटतं. वॅकॉम, ह्युऑन, एक्सपी-पेन, गाओमॉन ही यातली नेहमीची नावं. सगळ्यात स्वस्त प्रकार हाच.

दोन, पेन डिस्प्ले. यात पाटीलाच स्क्रीन असते, म्हणजे जिथे पेन टेकवाल तिथेच रेघ दिसते. पण ही स्क्रीन स्वतः काही करत नाही, मागे कॉम्प्युटर लागतोच. हे न कळता "स्क्रीन आहे म्हणजे झालं" असं समजून घेणारे पुष्कळ असतात.

तीन, स्वतंत्र टॅबलेट. आयपॅड, सॅमसंग गॅलक्सी टॅब वगैरे. कॉम्प्युटर नको, केबल नको. पण हा टॅबलेट मुळात सिनेमा बघायला आणि ऑनलाइन क्लाससाठी बनवलेला असतो. चित्रं काढायला तो चालेल की नाही, हे त्याच्या पेनावर ठरतं.

म्हणून पहिला प्रश्न "कुठला टॅबलेट" हा नाहीच. "घरात चालू स्थितीतला लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर आहे का?" हा आहे. जुना असला तरी चालेल. असेल, तर तुमचा खर्च एका फटक्यात बराच खाली येतो.

दोनशे रुपयांचं पेन आणि खरं पेन

फोनची स्क्रीन बोट ओळखते, कारण बोटातून वीज वाहू शकते आणि बोट टेकलं की काचेखालच्या विद्युतभारात फरक पडतो. रबराच्या किंवा चकतीच्या टोकाचं दोनशे रुपयांचं स्टायलस फक्त बोटाची नक्कल करतं. तुम्ही हलकं दाबलंत की जोरात, हे त्याला कळत नाही. रेघ कायम एकाच जाडीची येते. शिवाय हात स्क्रीनवर टेकला की तोही "बोट" म्हणून धरला जातो आणि चित्रावर भलतीच रेघ उमटते.

पेन टॅबलेटमधली युक्ती वेगळी आहे. पाटीच्या आत तारांची बारीक जाळी असते. तिच्यातून सतत संदेश बाहेर पडतात, पेनातली छोटी तारेची गुंडाळी त्यांना प्रतिसाद देते, आणि त्यावरून पेन कुठे आहे हे पाटीला कळतं. टोक दाबलं की त्या प्रतिसादात बदल होतो, तो म्हणजे दाब. पेनाला लागणारी ऊर्जा पाटीच पुरवते, त्यामुळे पेनात बॅटरी नाही, चार्जिंग नाही. जपानची वॅकॉम कंपनी १९८३ साली सुरू झाली आणि हे तंत्र तिनेच घरोघरी नेलं. आता इतर कंपन्यांच्या स्वस्त पाट्यांतही बिनबॅटरीचं पेन मिळतं, आणि सॅमसंगचं एस पेनही याच तत्त्वावर चालतं.

याचा एक फायदा फारसा कुणी सांगत नाही. हे तंत्र कागदाच्या आरपार चालतं. म्हणजे पाटीवर पेन्सिलने काढलेलं चित्र ठेवा, त्यावरून पेन फिरवा, स्क्रीनवर रेघ उमटते. वहीतली जुनी स्केचेस डिजिटल करायला स्कॅनर नसला तरी अडत नाही.

खोक्यावरचे मोठे आकडे

खोक्यावर ठळक अक्षरात "८१९२ प्रेशर लेव्हल" लिहिलेलं असतं. शेजारच्या खोक्यावर "१६३८४". दुप्पट म्हणजे दुप्पट चांगलं? नाही. २०४८ पायऱ्या असल्या तरी हाताला पायऱ्या जाणवत नाहीत. जिना आधीच इतका बारीक आहे की तो उतारच वाटतो. मग त्याचे आणखी तुकडे केले काय आणि न केले काय.

विचारायचा प्रश्न वेगळा : किती हलक्या स्पर्शाला रेघ सुरू होते? चांगलं पेन नुसतं टेकवलं तरी बारीक रेघ येते. वाईट पेन आधी दाबायला लावतं आणि मग एकदम जाड रेघ ओकतं. चेहऱ्याची पापणी काढताना हा फरक कळतो. हा आकडा खोक्यावर क्वचितच असतो, हातात घेऊनच बघावं लागतं.

दुसरी गोष्ट, काम करायची जागा. सहा बाय चार इंच लहान, दहा बाय सहा इंच मध्यम. लहान पाटीवर मनगटातून काढलं जातं, मोठीवर कोपरातून आणि खांद्यातून. कॉमिक्स, चेहरे, फोटोवर काम, यासाठी लहान पुरते. लांब, वाहत्या रेघा काढायची सवय असेल तर मध्यम बरी.

तिसरी, पेनाचा तिरकेपणा ओळखणं. पेन्सिल आडवी धरून शेडिंग करता, तसं. असलं तर छान, नसलं म्हणून काही अडत नाही.

लॅपटॉप नाही, फक्त फोन आहे

ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण याच गटातले, म्हणून जरा सविस्तर.

काही पेन टॅबलेट अँड्रॉइड फोनला थेट जोडता येतात. त्यासाठी तीन गोष्टी तपासा. फोनमध्ये ओटीजी आहे का, आणि काही फोनमध्ये ते सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं. टॅबलेटच्या खोक्यावर "अँड्रॉइड" असं स्पष्ट लिहिलंय का, कारण एकाच कंपनीची एक पाटी चालते आणि दुसरी चालत नाही. वन बाय वॅकॉम ही लोकप्रिय पाटी विंडोज, मॅक आणि क्रोमबुकसाठी आहे, अँड्रॉइडसाठी नाही. आणि तिसरं, योग्य जोडणीचा तुकडा खोक्यात आहे की वेगळा घ्यायचा. आयफोनवर या पाट्यांची फारशी आशा धरू नका.

आता एक हिशोब. हल्लीचे फोन उभे, लांबट असतात, साधारण वीसास नऊ या प्रमाणात. सहा बाय चार इंचाच्या पाटीवर उभा फोन बसवला तर उंची चार इंच मिळते आणि रुंदी पावणेदोन इंचांच्या आसपास. म्हणजे पाटीचा मोठा भाग वायाच जातो. फोनसाठीच घेत असाल तर मध्यम पाटीचा विचार करा, आणि फोन आडवा केला तर पाटीही आडवी चालते का, हे दुकानात जोडून बघा.

अॅप्सचं म्हणाल तर पैसे लागत नाहीत. आयबिस पेंट, मेडीबँग, स्केचबुक फोनवर फुकट चालू करता येतात. कॉम्प्युटर असेल तर क्रिता. ते मुक्त सॉफ्टवेअर आहे, पूर्ण फुकट, आणि व्यावसायिक काम करणारे लोकही वापरतात. प्रोक्रिएट मात्र फक्त आयपॅडवर चालतं. तुम्ही बघता त्या बऱ्याच रील्समध्ये प्रोक्रिएट दिसतं म्हणून आयपॅडच हवा असं वाटायला लागतं. जाहिरात न करता झालेली ही जाहिरात आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

दहा बाय बाराची खोली

परदेशी व्हिडिओंमध्ये मोठं टेबल, फिरती खुर्ची आणि मागे निळा दिवा असतो. मी भायखळ्यातून बोलतेय. इथल्या बीआयटी चाळींच्या खोल्यांत, किंवा परळ-लालबागच्या चाळींत, टेबल असलंच तर त्यावर आधीच मिक्सर, देव आणि धाकट्याचं दप्तर असतं. तेव्हा ही बाब तांत्रिक बाबींइतकीच खरी आहे.

पेन डिस्प्लेला बहुधा दोन-तीन केबल, एक वेगळा प्लग आणि शेजारी लॅपटॉप लागतो. रोज मांडायचं आणि रोज आवरायचं. आठवड्याभरात कंटाळा येतो. मांडीवर मावणारी लहान पाटी आणि समोर स्टुलावर लॅपटॉप, हे जमतं. स्वतंत्र टॅबलेट तर पोटमाळ्यावर, गच्चीत, कुठेही चालतो.

प्रवासाचं उलट. गर्दीच्या वेळी भायखळ्याला गाडीत चढताना पाठीवरच्या बॅगेचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. बिनस्क्रीनच्या पाटीला फुटायला काचच नाही. स्क्रीनवाला टॅबलेट रोज नेणार असाल तर कडक कव्हर हा खर्च आधीच बजेटमध्ये धरा. पावसाळ्यात बॅगेत एक झिपची प्लॅस्टिक पिशवी, दहा-वीस रुपयांचा विमा समजा.

मेमरीचं गणित, एकदाच

"चार जीबी रॅम चालेल का?" याचं उत्तर तुम्ही काय काढता यावर आहे. हे बघा.

छापण्यासाठी ए-फोर कागद, ३०० डीपीआय : २४८० गुणिले ३५०८, म्हणजे साधारण ८७ लाख पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला चार बाइट. एक लेयर झाला सुमारे ३५ एमबी. वीस लेयर म्हणजे ७०० एमबी. ए-थ्री घेतलात तर दुप्पट, १.४ जीबी. वर "अन्डू"साठी लागणारी जागा वेगळी, आणि टॅबलेटची स्वतःची यंत्रणा रॅम खाते ती वेगळी. अॅप्स रिकामी जागा वाचवतात, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं कमी लागतं. पण अंदाज बरोबर आहे. चार जीबीवर ए-फोर चित्र जपून लेयर वापरून होतं. ए-थ्रीवर भरपूर लेयरचं काम करायचं असेल तर सहा-आठ जीबी बघा.

आता आपल्या भागातला खास प्रश्न : गणपतीच्या मंडळाचा दहा बाय सहा फुटांचा फलक. ३०० डीपीआयने केला तर ७७ कोटींहून जास्त पिक्सेल होतात, एकेक लेयर तीन जीबीचा. कुठलाही स्वस्त टॅबलेट बसून जाईल. पण फलक दहा-पंधरा फुटांवरून बघतात, त्याला एवढी बारीकी लागतच नाही. ५० डीपीआयने तोच फलक ६००० गुणिले ३६०० होतो, एक लेयर ८६ एमबी. जमण्यासारखं आहे. कामाला लागण्याआधी प्रिंटवाल्याला विचारा, "फाइल किती डीपीआयची देऊ?" या एका प्रश्नामुळे महागडं मशीन घेण्याची गरज टळू शकते. आणि स्क्रीनवरचे झगझगीत हिरवे-गुलाबी रंग छपाईत मंद पडतात, हेही त्याच वेळी विचारून घ्या.

तीन बजेट, तीन उत्तरं

भाव बदलत राहतात, म्हणून मी ढोबळ आकडे देतेय. घेण्याच्या दिवशी पुन्हा तपासा.

पाच हजारांच्या आत, घरात लॅपटॉप आहे किंवा चांगला अँड्रॉइड फोन आहे : बिनस्क्रीनची पाटी. पहिले दहा-पंधरा दिवस हात एकीकडे आणि नजर दुसरीकडे हे विचित्र वाटतं. माऊस पहिल्यांदा धरला तेव्हाही असंच वाटलं होतं. रोज वीस मिनिटं नुसत्या रेघा, गोल आणि स्वतःचं नाव काढा. सवय होते. आणि मान खाली घालावी लागत नाही हा फायदा मागाहून कळतो.

पंचवीस ते तीस हजार, लॅपटॉप नाही : ज्या अँड्रॉइड टॅबलेटसोबत दाब ओळखणारं पेन खोक्यातच येतं, असा. सॅमसंगचा टॅब एस६ लाइट २०२० साली आला तो याच गटातला, एस पेन सोबत. इथे एक सापळा आहे. नाव सारखं वाटतं म्हणून टॅब ए९ किंवा ए९ प्लस स्वस्तात घेऊ नका. त्यांच्यावर एस पेन चालतच नाही. इतर कंपन्यांचे टॅबलेट घेताना पेन वेगळं विकत घ्यावं लागतं का आणि त्याची किंमत किती, हे मिळवूनच तुलना करा.

चाळीसच्या पुढे : आयपॅड. उत्तम वस्तू, वाद नाही. पण हिशोब नीट करा. २०२५ मध्ये भारतात आलेला साधा आयपॅड ३४,९०० रुपयांचा. त्यासोबत सगळ्यात स्वस्त अॅपल पेन्सिल, यूएसबी-सी वाली, ७,९०० रुपये. झाले ४२,८००. आणि ही पेन्सिल दाब ओळखत नाही! नोट्स लिहायला छान, चित्रांसाठी अपुरी. दाब हवा तर पहिल्या पिढीची पेन्सिल, ९,५०० रुपये. म्हणजे ४४,४००. ती या आयपॅडला जोडायला छोटा अडॅप्टर लागतो. वर कव्हर, वर प्रोक्रिएट. दुकानात "पेन्सिल आहे ना, मग झालं" असं म्हटलं की दाबाबद्दल विचारा, आणि काढून बघा.

वापरलेला आयपॅड हा मधला मार्ग आहे. २०२१ चा नववा आयपॅड पहिल्या पिढीच्या पेन्सिलवर चालतो. घेताना स्क्रीनच्या चारही कोपऱ्यांत रेघ ओढून बघा, आधीच्या मालकाचं खातं पूर्ण काढलंय याची खात्री करा, आणि पेन्सिल तिथेच चार्ज करून बघा. ती कित्येक महिने न वापरता पडून राहिली असेल तर आतली बॅटरी गेलेली असू शकते.

पेन डिस्प्लेचं काय? लॅपटॉप आहे, जागा आहे आणि वीस हजारांच्या आसपास आहेत, तर विचार करा. पहिली वस्तू म्हणून मी तो सुचवणार नाही. दुसरी म्हणून जरूर.

देवनागरी अक्षरं काढणाऱ्यांसाठी

तुमच्यातल्या काहींना चित्रांपेक्षा अक्षरांत रस आहे. मंडळाचं नाव, नाटकाचं शीर्षक, टी-शर्टवरची ओळ. आपल्याकडे ही फार मोठी परंपरा आहे. कमल शेडगे यांनी किती नाटकांची आणि अंकांची शीर्षकं हाताने घडवली. र. कृ. जोशी यांनी केलेला मंगल फॉण्ट विंडोजमधून घराघरात पोचला.

यासाठी महागडा टॅबलेट लागत नाही. कटनिबने लिहिताना अक्षराचा जाड-बारीकपणा दाबाने येत नाही, निबच्या कोनाने येतो. अॅपमध्ये चपटा ब्रश घ्या, त्याचा कोन एकदा ठरवून ठेवा, आणि पाच हजारांची पाटीही तुम्हाला कटनिबचं वळण देईल. रेघ थोडी थरथरत असेल तर अॅपमधलं "स्टॅबिलायझर" वाढवा. ते हात सावरतं. मात्र फार वाढवू नका, अक्षर मेलेलं दिसतं.

लॅमिंग्टन रोडवर काय करायचं

भायखळ्याहून पश्चिमेला नागपाड्याकडून गेलं की लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हाताशी आहे. ऑनलाइन भाव बघून जा, पण हातात घेऊन बघण्यासाठी नक्की जा. दोन मिनिटांत पुढच्या पाच चाचण्या करा.

१. पट्टी घ्या, तिरकी रेघ अगदी हळू ओढा. रेघ लाटेसारखी आली तर ती वस्तू नको. झटपट सही करून बघाल तर हा दोष लपतो.
२. सुरुवातीला न टेकवल्यासारखं, मग हळूहळू दाब वाढवा. रेघ एकसारखी जाड होत गेली पाहिजे.
३. स्क्रीनवाला असेल तर अख्खा तळवा टेकवून काढा. तळव्याच्या रेघा उमटता कामा नयेत.
४. वेगाने नागमोडी रेघ. पेनाच्या किती मागून रेघ येते ते बघा.
५. चारही कोपरे.

पक्कं बिल घ्या, त्यावर मशीनचा सीरियल नंबर लिहून घ्या. "बिलाशिवाय एवढे कमी" अशी सूट मिळत असेल, तर वॉरंटी गेली असं समजून त्या सुटीची किंमत करा. पेनाची टोकं झिजतात, तेव्हा सोबत किती जादा टोकं आहेत आणि नंतर कुठे मिळतील हे विचारा. पेन हरवलं तर नवं किती रुपयांना, हाही प्रश्न विचारा. काही स्वस्त मॉडेलचं सुटं पेन मिळतच नाही, आणि मग पाटी भाजी चिरायलाच उरते.

"नो कॉस्ट" हप्ते

रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. व्याज कुठेतरी भरलेलं असतंच. हप्त्यावर घेताना रोखीची सूट जाते, प्रोसेसिंग फी लागते, व्याजाच्या रकमेवर जीएसटी लागतो. दुकानदाराला सरळ विचारा : "आज सगळे पैसे दिले तर कितीला?" दोन आकड्यांतला फरक हेच तुमचं व्याज. ते परवडत असेल तर खुशाल घ्या, पण कळून घ्या. हप्ता चुकला तर दंड आणि तुमच्या किंवा बाबांच्या नावावरचा क्रेडिट स्कोअर, दोन्हीवर डाग पडतो.

आणखी एक साधा हिशोब. समजा तुम्ही एका पोर्ट्रेटचे पाचशे रुपये घेता. पाच हजारांची पाटी दहा पोर्ट्रेटमध्ये सुटते. ४४,४०० चा संच सुटायला ८९ पोर्ट्रेट लागतात. दहा गिऱ्हाईकं ओळखीतून मिळतात. ८९ मिळवायची तर धंदा जमलेला असावा लागतो. म्हणून माझा सल्ला : पहिली वस्तू घरच्या पैशांतून, दुसरी चित्रांच्या पैशांतून.

थांबायचं असेल तरीही

आत्ता पैसेच नाहीत? मग काही बिघडत नाही, आणि हे मी समजूत काढायला म्हणत नाहीये. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ पासून आहे, भायखळ्याहून लोकलने तिसरं स्टेशन. तिथे किंवा इतर कला महाविद्यालयांत जायचं असेल तर एलिमेंटरी-इंटरमिजिएट काय आणि पदवीच्या प्रवेश परीक्षेतले चित्रकलेचे पेपर काय, कागदावरच द्यायचे असतात. परीक्षेच्या वर्षी टॅबलेटवर खर्च करण्यापेक्षा कागद, पोस्टर कलर आणि सराव यांवर केलेला बरा. एम. एफ. हुसेन यांनीही मुंबईत सुरुवातीला पोट भरायला सिनेमाची होर्डिंग्ज रंगवली होती. रेघ पक्की असली की साधन बदलता येतं.

आणि सरावाला जागा शोधायला लांब जायला नको. राणीच्या बागेत एका फेरीत हत्तीपासून पेंग्विनपर्यंत सगळं आहे. काळा घोडा ज्या पुतळ्यामुळे ओळखला जातो तो सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा मूळ पुतळा १९६५ पासून तिथेच उभा आहे. शेजारीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ साली उघडलेलं, आणि त्याच्या बाहेर घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती. एक वही, एक पेन्सिल, आणि बुधवार सोडून कुठलाही दिवस. बुधवारी दोन्ही बंद असतं. ही स्केचेस जपून ठेवा. टॅबलेट येईल तेव्हा याच कागदांवरून पेन फिरवायचं आहे.

तर थोडक्यात. लॅपटॉप असेल तर स्वस्त पाटी. फक्त फोन असेल तर अँड्रॉइड लिहिलेली मध्यम पाटी, फोनला जोडून बघूनच. दोन्ही नसेल तर दाब ओळखणारं पेन सोबत असलेला टॅबलेट. आणि कुठलंही असो, तिरकी रेघ हळू ओढल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत.

तुमच्याकडे आत्ता कुठलं साधन आहे आणि बजेट किती आहे, ते कळवा. पुढच्या भागात त्यातले काही प्रश्न घेऊन बोलू. आणि या आठवड्यात काढलेलं एक चित्र पाठवा. कागदावरचं असलं तरी पळेल. भेटूया!